धांदलीचा ठेका

ड्रमवाल्या धांदलीने मोठ्या ड्रमच्या पुढ्यात वीट सरकवली आणि पायाने दाबून बघितली. फुकटचा कार्यक्रम, त्यामुळे स्टेजही फळ्या ठोकून केलेलं. विटेशिवाय ड्रम सरकत सरकत थेट पहिल्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसला असता.

"बसली?" चिमणीने गिटारच्या खुंट्या पिळत विचारलं.

"वीट बसली. माझं विचारू नकोस."

चिमणीने पुढची खुंटी पिळायला घेतली.

खाली मैदानभर सप्तरंगी झेंडे होते. पोरांनी पोरांचे हात धरलेले, पोरींनी पोरींचे, कुणी दाढीला चमकी लावून आलेलं. आणि त्या सगळ्या गोतावळ्यात कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात पाठीमागे बांधून चिमणीचा दादा उभा होता. तो बहिणीला घरी न्यायला आला होता. गाडी फाटकाबाहेर होती आणि गाडीत चिमणीची बॅग. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि मुलीशिवाय कुणाच्या हातून घासभरही खात नव्हती. आता यावर कुणी काय बोलायचं, कप्पाळ!

धांदलीने भांडायची जय्यत तयारी केली होती. दादा आडदांड निघाला असता, वाटेल ते बोलला असता, तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता. पण तो सकाळी खोलीवर आला तो संकोचत. खोलीत एकच पलंग, दोघींचे कपडे एकाच दोरीवर, तरी भल्या माणसाच्या डोक्यात काही येईना. पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तुम्ही हिला सांभाळलंत. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलंत."

झालं. ताई म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

"त्याला आत्ता नको सांगूस," तो खाली गेल्यावर चिमणी म्हणाली होती. "आईचं जरा नीट होऊ दे. मग मीच सांगेन."

आईचं काही नीट होणार नव्हतं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आणि आता, 'शेजारीण काय म्हणेल'!" माइकवरून त्यांच्या बँडचं नाव पुकारलं गेलं आणि मैदान ओरडलं.

धांदल लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि ड्रमही तशीच वाजवायची, झपाझप. तिच्या हातून प्रत्येक गाणं वेळेआधीच संपायचं, म्हणून तर हे नाव पडलेलं. बेस गिटार वाजवणारे मास्तर एरवी शाळेत गणित शिकवत आणि कार्यक्रमाला लिपस्टिक लावून येत. ते दरवेळी तिला बजावत, "बाई गं, जरा दमानं घे. कुणी मागे लागलंय का?"

शेवटचं गाणं आलं. ते धांदलीच्या चार ठोक्यांवर संपायचं. ठोके पडले की तिघांनी एकदम थांबायचं, असं ठरलेलं. कडवं झालं, मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ठोके पडले नाहीत. ती वाजवतच राहिली.

चिमणीने मागे न बघता तेच कडवं पुन्हा घेतलं. ते संपलं, पुन्हा घेतलं. लोक खूश, त्यांना वाटलं, गाणंच असं आहे. स्टेजच्या कडेला पुढचा बँड ताटकळला होता, संयोजक बाई मनगटावर बोट आपटत होत्या. धांदलीचे खांदे भरून आले, घामाने काठी निसटायला लागली. हा खुळेपणा आहे, हे तिला कळत होतं. गाणं लांबवल्याने गाडी निघायची थोडीच राहणार होती? पण तिच्या हातात दुसरं होतं काय?

खाली दादा टाळ्या वाजवत होता. तोंड भरून हसत, मान डोलवत आणि एकूण एक टाळी चुकवत.

कडवं परत संपत आलं तेव्हा चिमणी वळली. तिचे डोळे लाल झाले होते. धांदलीकडे बघत तिनेच फळीवर बूट आपटला, चार वेळा, आणि तारांवर पंजा दाबून धरला.

"वन्स मोर!" दादाचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

सामान आवरताना तो स्टेजमागे आला. पलीकडे चिमणी मास्तरांच्या गळ्यात पडून रडत होती.

"ताई, काय गाते हो ही! घरी कधी तोंड उघडलं नाही. आता आईला रोज ऐकवेल."

"तिला ठेका लागतो," धांदल म्हणाली. "त्याशिवाय ती गात नाही."

"हात्तिच्या! मी आहे की. टाळ्या वाजवीन."

आणि त्याने वाजवून दाखवल्या. धांदलीला हसू फुटलं. सांगून टाकावं याला, आत्ता, इथेच. तिने तोंड उघडलं. पलीकडून चिमणी बघत होती. रडायची थांबून, नुसती बघत होती.

धांदलीने काठ्या खाली ठेवल्या आणि दादाचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही घाई करता, दादा. ती मध्ये श्वास घेते ना, तेवढं थांबायचं. तिचा श्वास होऊ द्यायचा, मग टाळी. हं, थांबा..."

टाळी आधीच पडली.

"चुकलं का?"

"चुकलं," ती म्हणाली. "परत."