नावामागचे नाव

आश्विनाचे ऊन डोंगरमाथ्याच्या सड्यावर उतरले. पीत, प्रखर, पाषाणदाहक ऊन. सोनकीच्या फुलांवर ऊन, कातळावर ऊन, संशोधन केंद्राच्या काचांवर ऊन. आणि आत सूक्ष्मदर्शकावर ओणवलेल्या शर्वाणी केंजळेच्या काळजात तर वैशाखवणवा.

भिंगाखाली एक परजीवी गांधीलमाशी होती. मोहरीच्या दाण्याएवढी. कृष्णवर्णा, काचपंखी, सूक्ष्मकटी. किती देखणी आणि किती दुष्ट! जिवंत अळीच्या अंगात ती अंडी घालते. पिल्ले अळीला आतून खात सुटतात, आणि अळी बापडी तरीही पान कुरतडत राहते.

शर्वाणीही तशीच राबली होती. रानोमाळ हिंडून अळ्या वेचल्या तिने, पोसल्या तिने, त्यांतून निघालेल्या माश्या ओळखल्या तिने. शोधनिबंधावर नाव मात्र दर वेळी गुरुवर्य उपळेकरांचे लागले. "तुझं-माझं काय त्यात, पोरी?" म्हणत त्यांनी सगळे गिळले. साधा ढेकरसुद्धा दिला नाही मेल्याने!

आता सर निवृत्त झाले होते. आणि ही माशी त्यांनी पाहिलीच नव्हती.

तिने पंखाची शीर पाहिली. वाकडी. डोक्यावरच्या शृंगिका पाहिल्या. शुभ्राग्र. पुन्हा पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. नवी प्रजाती! नाव ठेवायचा हक्क तिचा, एकटीचा.

ज्याचा गौरव करायचा, त्याचे नाव प्रजातीला द्यायचे, ही या शास्त्राची रीत. तिने नाव ठेवले, 'उपळेकरी'. गिळा म्हणावे आता हे!

सरांच्या सत्कारसभेत तिने ते जाहीर केले. अळी कशी खाल्ली जाते, तेही गोड आवाजात, अगदी रंगवून सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना कळले होते. भरल्या सभेत एकट्या त्यांनाच कळले होते. पण गौरवाला नको कसे म्हणणार? हात जोडून त्यांना हसावे लागले. तिला आतून गारगार वाटले.

शाल सावरीत ते जवळ आले आणि हलकेच म्हणाले, "झकास केलंस, पोरी. पण रीत पुरती आठवते ना? आधी प्रजातीचं नाव, आणि लगेच मागे ते ठेवणाऱ्याचं. कायमचं."

दुसऱ्या दिवशी तेच ऊन, तीच काच. टाचणीवर ती माशी, कृष्णवर्णा, काचपंखी. तिच्याखाली लावायची नावाची लाल चिठ्ठी शर्वाणीने पुढे ओढली. लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. पण रीत ती रीत.

तिने लिहिले, 'उपळेकरी, केंजळे'.

पुढे तो. मागे ती. जन्मभर होती तशीच, जन्मानंतरही.