उपाशी मासे

ठिकाण

ताईच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. माशांच्या तळ्याभोवती माणसांचा गराडा पडला होता. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून माना उंचावत होते आणि जो तो एकच म्हणत होता, "एकही अळी नाही हो!"

डासवालीने फाटकाला सायकल टेकवली. घरोघरी फिरायचं, साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायच्या, हे तिचं आरोग्य खात्यातलं काम. अकरा वर्षं झाली. तिचं खरं नाव गल्ली कधीच विसरली होती. तपासणीच्या वहीत सख्ख्या बहिणीच्या या तळ्यासमोर ती दर आठवड्याला एकच शब्द लिहायची: आहेत.

आज मात्र ती भाचीला बघायला आली होती. पोरगी चार दिवस तापाने फणफणली होती.

पाणी

जाता जाता सवयीने तिने लांब दांड्याची पांढरी वाटी तळ्यात बुडवली. पाणी नितळ होतं.

"या, सरकार, या!" काठावर खुर्ची टाकून बसलेले पाणीबाबा म्हणाले. "तुमच्या औषधाला अकरा वर्षांत जमलं नाही, ते तळ्यात सोडलेल्या आमच्या मंतरलेल्या खड्याने पंधरा दिवसांत केलं. डास अंडी घालायला येतो, खड्याची लहर लागते आणि त्याला वैराग्य येतं!"

"डासाला?"

"डासालाच. माणसाला कुठलं यायला!"

लोक खो खो हसले. हसवणाऱ्याला कोण पुरावा मागतो?

"नेम काय घातला होता?" तिने विचारलं.

"एकच. खडा आत असेपर्यंत पाण्यात अन्नाचा कण पडता कामा नये."

डासवालीला एकदम दमल्यासारखं झालं. हेच ती ताईला सांगून सांगून थकली होती. माशांना पाव घालू नकोस, पोट भरलं की ते अळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यावर ताई म्हणायची, "मुक्या जिवांना उपाशी मारू? तुमच्या खात्याला काळीज नाही." तेच बाबांनी सांगितलं, आणि ताईने पावाचा तुकडाही तळ्याकडे नेला नाही.

अळ्या

"ताप उतरला बघ!" ताई दारातच म्हणाली. "उशाशी खडा ठेवला आणि सकाळी अंग गार."

भाची पोट धरून पडली होती. हात बर्फासारखे. उशीवर हिरड्यांतल्या रक्ताचा डाग.

"मावशी, पोट खूप दुखतंय. उलट्या थांबतच नाहीत."

"भावोजी, गाडी काढा," डासवाली म्हणाली. "दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"अगं, पण ताप उतरलाय ना?"

"हा डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, ताई."

"बाबा म्हणाले, आज उंबऱ्याबाहेर काढली तर गुण जाईल." ताई दारात आडवी उभी राहिली. "तळं तू स्वतः बघितलंस. तरी हट्ट?"

वाद घालायला वेळ नव्हता आणि अंगात त्राणही नव्हतं. खिडकीबाहेर न्हाणीघराचं पिंप उघडं दिसलं.

"झाकण का काढलंस?"

"त्यातही खडा आहे. झाकलं की लहर कोंडते. आता दर आठवड्याला ओतायचीही कटकट नाही."

डासवाली बाहेर गेली, पिंपात वाटी बुडवली आणि ताईचं मनगट धरून तिला तळ्यावर घेऊन आली. वाटीत तांदळाच्या कण्यांएवढ्या अळ्या वळवळत होत्या.

"हे पिंपातलं पाणी. आत यांचाच खडा आहे."

"त्या पिंपाला कुणाची तरी नजर..." बाबांनी सुरुवात केली.

"थांबा हो जरा." तिने काचेच्या बरणीत तळ्यातला एक सोनेरी मासा घेतला आणि वाटी त्यात ओतली. मासा क्षणभर दबकला, मग तुटून पडला. गाडी सुरू होऊन फाटकाशी येईपर्यंत बरणीत फक्त मासा उरला होता.

"पंधरा दिवसांचा भुकेला आहे," ती म्हणाली. "पिंपात मासा नाही, म्हणून तिथे खड्याचं काही चालत नाही. झालं एवढंच."

"अरे, माझ्या टाकीतही खडाच आहे!" कुणीतरी ओरडलं आणि धावत सुटलं. त्याच्यामागे निम्मी गर्दी गेली. बाबा वाकून खुर्चीखाली चपला शोधू लागले.

ताई बरणीकडे बघत राहिली. मग आत गेली आणि लेकीला उचलून घेऊन आली.

शेरा

"रक्तदाब घसरत होता," डॉक्टरीणबाई सलाईनचा वेग बघत म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत घरी ठेवली असती तर अवघड होतं. आता सावरेल."

दोघी बहिणी खाटेशेजारच्या बाकावर बसल्या.

"तू एवढी वर्षं सांगत होतीस," ताई म्हणाली. "मी का ऐकलं नाही गं?"

"मी कंटाळून सांगत होते. तो रंगवून सांगत होता."

"मग तूही रंगवून सांग ना."

"मला नाही येत. आठवड्यातून एकदा पिंप ओता, घासा, कोरडं करा, झाका, यात रंगवण्यासारखं काय आहे? एवढंच म्हणेन, कुणी चमत्कार दाखवला तर तोच दुसऱ्या भांड्यात करून बघायचा. तिथे झाला नाही तर पहिल्या भांड्यात वेगळं काय होतं ते शोधायचं. त्याला ना शिक्षण लागतं, ना सरकार."

ताईने डोळे पुसले आणि उठली.

"आता कुठे निघालीस?"

"शेजारणीकडे. माझं बघून तिनेही झाकण काढलंय. घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. तू बस हिच्यापाशी, मी पिंप ओतून आले."