एडिथने लावलेले मेण

मित्रांनो, बर्फाच्या उतारावरून चार जण एकदम सुटतात, वळणे आणि उंचवटे पार करत एकमेकांना खेटत खाली येतात. त्यांतले पहिले दोघेच पुढच्या फेरीत जातात. अशा शर्यतीचा मी एक स्नोबोर्ड. आता जुना झालो आहे. ऑस्ट्रियातल्या आमच्याच दरीत लाकडाच्या पट्ट्या चिकटवून, पोलादी कडा बसवून मला घडवले.

माझ्यावर उभी राहायची रोमाना. मला सांभाळायची तिची आई, एडिथ. मी बर्फावरून सुळकन घसरावे म्हणून तळघरात मला पालथा ठेवून ती माझ्या तळावर मेणाचे थेंब पाडी, इस्त्री फिरवून ते आत मुरवी, आणि निवल्यावर वर उरलेले पट्टीने खरवडून काढी. "मेण वर नको, आत हवं," असे ती लेकीला सांगे.

मोसम संपला की मात्र ती जाड थर तसाच ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात तळ सुकत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला घरातले सगळे कबरींवर दिवे लावून आले की तो थर काढायचा, असा आमच्या घरचा रिवाज.

त्या एप्रिलमध्ये एडिथने थर दिला. ऑगस्टमध्ये ती गेली.

नोव्हेंबरमध्ये तिच्याच कबरीवर दिवा लावून बापलेक परतले. रोमानाने पट्टी उचलली. तिच्या बापाने, गेबहार्डने, ती तिच्या हातातून काढून घेतली. "याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तिचा हात शेवटचा यावरच फिरलाय."

त्याने मला शेगडीजवळच्या भिंतीवर टांगले. येणारेजाणारे कौतुक करीत. ऊब लागून मेण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली. कडांना गंज चढला. गेबहार्ड रोज माझ्याकडे बघायचा, पण पुसायचा नाही.

रोमाना क्लबच्या बोर्डावर शर्यतीला गेली. शेवटच्या सपाट पट्ट्यात दोघींनी तिला मागे टाकले. आता एकच शर्यत उरली होती. तिच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली, तरच तिला तरुणांच्या संघात जागा होती.

एका रविवारी तिचा म्हातारा प्रशिक्षक फिडेल जेवायला आला. चीज घातलेल्या शेवया संपवून त्याने माझ्याकडे पाहिले. "गेबहार्ड, भिंतीवर कुणाशी शर्यत लावलीस रे याची?"

गेबहार्ड ताटे उचलू लागला. मग तो हळूच म्हणाला, "एडिथनं हे मेण पोरीसाठी लावलं होतं. तुझ्यासाठी नाही."

फिडेल गेल्यावर गेबहार्डने मला तळघरात नेले. तीनदा त्याचा हात माझ्यापर्यंत आला आणि मागे गेला.

"पट्टी दे गं."

"राहू दे, पपा. मी क्लबच्या बोर्डावर उतरेन."

"दे. मेण वर नको, आत हवं."

त्याने खरवडायला घेतले. पिवळट भुगा त्याच्या बुटांवर पडत राहिला. मग त्याने कानशीने गंज काढला. भुगा मात्र त्या दिवशी झाडला नाही.

शर्यतीत रोमाना माझ्यावर उतरली. शेवटच्या सपाट पट्ट्यात या वेळी मागून कुणी तिला गाठले नाही. ती दुसरी आली, त्यापुढच्या फेरीतही दुसरी. शेवटच्या फेरीत ती पडली, आणि दगडाने माझ्या तळावर लांब चरा उठला. पण संघात तिचे नाव लागले होते.

आता ती दुसऱ्या बोर्डावर उतरते. गेबहार्ड मात्र दर एप्रिलमध्ये मला मेण लावतो आणि नोव्हेंबरात कबरीवर दिवा लावून आला की खरवडतो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाने जपलेली वस्तू नुसती टांगून ठेवू नका. ती पुसा, वापरा, झिजली तर झिजू द्या. त्या दिवशी निघाले ते वरचे मेण होते. एडिथने इतकी वर्षे माझ्यात मुरवलेले अजून माझ्यात आहे.