हातावरचं मीठ

लग्नाच्या आठव्या दिवशी मी सासूबाईंच्या हातावर मीठ दिलं. कालवण उकळत होतं, मिठाचा डबा घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि मी घाईघाईत त्यावर चिमूटच ठेवली. मीठ कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, हे माझ्या विरारच्या माहेरीही मानतात. डबा खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. पण चुलीपुढे घाम गळत असताना शास्त्र कुणाला आठवतं? सासूबाईंनी, म्हणजे बायजाबाईंनी, मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं, "झाला! आता जल्मभर भांडान."

पुढची अकरा वर्षं आम्ही दोघींनी तो शब्द खाली पडू दिला नाही. भाकरीची जाडी, माझी नोकरी, माझ्या लेकीचे, उन्नतीचे, कापलेले केस, कुठलंही कारण चालायचं. मी काही गरीब गाय नाही. एकाला दोन ऐकवायची. आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी त्या म्हणायच्या, "त्या मिठाचा गुन हाय यो."

मीठ आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. सासरे, काळूराम, जूचंद्रच्या मिठागरात चाळीस वर्षं राबले होते. मिठागर बंद पडलं, नवरा भूपेश कामणच्या गोदामांवर टेम्पो चालवायला लागला, एकाचे तीन टेम्पो झाले, तरी सासऱ्यांच्या बोलण्यातून मीठ जाईना. त्यात नायगावच्या फ्रान्सिसनं, तो लष्करातून निवृत्त झालेला, त्यांना सांगितलं की लडाखात डोंगरांच्या मधोमध मिठाचं तळं आहे. झालं! "दर्या नाय न् मीठ कसा?" हे वर्षभर ऐकून आमचे कान किटले. शेवटी २००४ च्या जुलैत भूपेशनं जुनी सुमो घेतली आणि म्हणाला, "चला बाबा, बघूनच येऊ."

पाच माणसं, एक स्टोव्ह, दहा किलो तांदूळ आणि सासूबाईंनी गुपचूप भरलेली सुक्या बोंबलांची पिशवी. गुजरात, राजस्थान, पंजाब असं करत चार दिवसांनी मनालीला पोचेपर्यंत गाडीचा वास मासळी बाजारासारखा झाला होता. त्यावरून आम्ही अंबाल्यापर्यंत भांडलो, मग दमलो.

मनालीच्या पुढे मात्र सगळ्यांचीच तोंडं बंद झाली. झाड नाही, घर नाही, नुसते तपकिरी, जांभळे डोंगर आणि डोक्यावर इतकं निळं आभाळ की बघवत नव्हतं. सासूबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. डोकं दुखतं म्हणून आदल्या दिवसापासून जेवल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला कशाला चौकश्या?" मी ते मनावर घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. ही माझी चूक, ती मी कबूल करते.

सातव्या दिवशी दुपारी तळं दिसलं. काठ पांढराशुभ्र. सासरे उतरले, वाकून पांढरा पापुद्रा उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकले. "कडू हाय. आपल्या मिठाची सर नाय." चेहऱ्यावर असा आनंद, जणू स्पर्धा जिंकून आलेत.

तेवढ्यात उन्नती ओरडली, "आई, आजी बघ ना!"

सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि श्वास काही पुरा होत नव्हता. मोठ्या रस्त्यावर लष्कराचा दवाखाना आम्ही येताना पाहिला होता. तिथे प्राणवायू मिळणार, तोही लवकर मिळायला हवा, एवढं मला समजलं. पण आलो ती वाट तळ्याला लांब वळसा घालून जात होती.

सासऱ्यांनी समोरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बोट केलं. "आडवी घाल गाडी. अर्धा टाइम वाचल."

"बाबा, रुतेल," भूपेश म्हणाला.

"मिठाची जमीन हाय ती! दगडावानी कडक. चालीस वरसा मिठात गेली माझी, मना नको शिकवू."

भूपेशनं गाडी घातली. शंभर पावलं गेली असेल नसेल, पापुद्रा फुटला आणि पुढची चाकं काळ्या चिखलात बसली. मागची फिरत राहिली, खोल जात राहिली. मी सासऱ्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चिखलात हात घालून ते उभे होते आणि स्वतःशीच म्हणाले, "हिला कोनी तुडवलीच नाय."

मग मला कळलं. आमच्याकडे मिठाचे वाफे कडक असतात, कारण दर वर्षी माणसं रांगेनं उभी राहून, एकमेकांच्या कमरेला धरून, दिवसच्या दिवस पायांनी ती जमीन तुडवतात. ती कडक होती त्यांच्या पायांमुळे, मिठामुळे नाही. हे स्वतः तुडवणारा माणूसच विसरला होता.

लांबवर मेंढपाळांचे काळे तंबू होते. उन्नतीनं माझी ओढणी हलवली. एक बाई आणि दोन पुरुष धावत आले. बाई माझ्याच वयाची, गाल उन्हानं फुटलेले. आमची भाषा तिला येईना, तिची आम्हाला. तिनं गाडीत डोकावून बघितलं आणि सरळ सासूबाईंच्या मागे बसून त्यांना स्वतःच्या छातीशी टेकवून ताठ बसवलं. आडवं झोपू द्यायचं नाही, असं खुणेनं सांगितलं. मी मूर्ख त्यांना झोपवत होते.

पुरुषांनी दगड आणले, वाळकी झुडपं आणली, तंबूतली जाड घोंगडी आणली. सासऱ्यांनी बूट काढले, त्या बर्फासारख्या चिखलात उतरले, झुडपांवर दगड पसरले आणि तुडवायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. भूपेश त्यांच्या कमरेला धरून उभा राहिला, मग मी, मग उन्नती. ते दोन पुरुष हसले आणि तेही रांगेत आले. धाप लागत होती, पाय बधिर झाले होते, आणि मी मनात एकच म्हणत होते, आई, थांबा, अजून आपलं पुष्कळ भांडण बाकी आहे.

तासाभरानं चाकाखाली घोंगडी घालून गाडी मागे ओढली, आणि ती निघाली.

ती बाई उतरलीच नाही. सासूबाईंना तसंच धरून दवाखान्यापर्यंत आली. तिथे नाकावर नळी लागली, ओठांचा रंग हळूहळू परतला, तेव्हा मी भिंतीला टेकून मोठ्यानं रडले. बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग कमरेच्या पिशवीतून मिठाचा खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी क्षणभर दचकले. पण जिच्याशी बोलायला भाषा नाही, तिच्याशी भांडणार तरी कशी? मी मूठ मिटली. लेहकडून येणाऱ्या एका ट्रकला हात करून ती परत गेली. तिचं नाव आम्ही विचारलं नाही याची मला आजही लाज वाटते.

आम्ही तिथूनच परत फिरलो. घरी आल्यावर सासूबाई पंधरा दिवस पडून होत्या. त्या काळात आम्ही एकमेकींशी फार गोड बोलत होतो. घरात सगळ्यांनाच त्याची भीती वाटायला लागली होती.

मग एका रविवारी त्या उठल्या, पदर खोचला आणि कालवण टाकलं. मीठ मागितलं. मी त्या बाईचा खडा कुटून ठेवला होता, ती वाटी आणून ओट्यावर ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलंही नाही. तळहात माझ्यापुढे धरला.

"हातान दे."

"आई, भांडण होईल."

"होव दे. भांडाला मी हाय ना अजून."

माझ्या डोळ्यांना दिसेना. मी हातानं चाचपून त्यांच्या तळहातावर मीठ ठेवलं, चिमटीपेक्षा जरा जास्तच.

कालवण कडूखारट झालं. कुणामुळे झालं, यावरून आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत भांडलो.