बासष्ट टक्क्यांवर अडलेला लेआउट

तीन दिवस झाले, ते चक्र नुसतं गरगर फिरतंय. तयार लेआउट साइटवर इम्पोर्ट होतोय, बासष्ट टक्के. पुढे सरकेल तर शपथ. सहा वर्षं कॉलेज रोडवर बसून मी लोकांच्या वेबसाइट बनवतेय, पण या एका साइटने मला रडकुंडीला आणलंय.

साइट पेठ तालुक्यातल्या एका बचत गटाची. त्रेचाळीस बायका नागलीचे पापड लाटतात आणि हिरामणदादा त्यांचं बाहेरचं काम बघतात. आज चार वाजता सगळ्या जणी शाळेत पडद्यावर साइट बघायला जमणार.

"मॅडम, झालं का?" सकाळपासूनचा हा सातवा फोन.

"दादा, तुम्ही फोन ठेवलात तर होईल."

कॅशे साफ केला, प्लगइन बंद केले, ब्राउझर बदलला. होस्टिंगवाला म्हणतो, "आमच्याकडून सगळं ओके आहे." यांच्याकडून कायम ओकेच असतं. शेवटी सर्व्हरवरची जागा तपासली, तर एक जीबी काठोकाठ भरलेली. त्रेचाळीस फोटो, एकेक वीस एमबीचा. नवीन काही शिरणार कुठून?

"दादा, हे फोटो कोणी चढवले?" मी फोन लावून विचारलं.

"मीच. तुम्हीच म्हणलात ना, क्वालिटी कमी करू नका."

म्हणाले होते खरी.

"एक ग्रुप फोटो ठेवते, बाकीचे काढते."

"तसं नका करू. गेल्या साली पेपरात पाचच जणींचा फोटो आला, तर निम्म्या बाया लाटायला येईनात. आता एकबी राहिली तर गट मोडला म्हणा."

झालं. बसले एकेक फोटो लहान करत. जेवणाचा डबा तसाच. तीन वाजता पुन्हा इम्पोर्ट दाबलं आणि आकडा एकदाचा शंभरवर गेला. पान उघडलं. 'आमची टीम' असं मोठं शीर्षक आणि खाली चार गोल. पाचवा घातला की सगळं पान विस्कटायचं.

"दादा, यात चारच जणी बसतात. कोणत्या घेऊ?"

फोनमध्ये त्यांच्यामागे बायका जमल्याचा गलका. त्यातली एक विचारत होती, "माझा दिसंल ना?"

"मग एकीचाबी नको, ताई," दादा हळूच म्हणाले. "पापडाचा टाका."

मला संताप आला, आणि तो दादांचा नव्हता. ज्याच्यापायी तीन दिवस डोकं फोडलं, तो लेआउट मी डिलीट केला. साडेतीन वाजले होते. कोऱ्या पानावर पहिला फोटो लावला, मग दुसरा.