चांगुणाबाईंची ठासणीची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. असे मागे सरकू नका. माझ्या पोटात आता दारूही नाही आणि छर्रेही नाहीत. घोडा गंजून बसला आहे आणि नळीत एका कोळिणीने संसार थाटला आहे. पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, एका बिनचाकाच्या सायकलीला टेकून मी उभी असते. गळ्यात सुतळीने बांधलेला कागदी बिल्ला आहे. एकच खिडकी आहे, आणि तीही बाहेरून खिळे मारून बंद केलेली.

माझा दस्ता शिसमाचा आहे. तो डोणगावचे बंदुका दुरुस्त करणारे अब्दुल गनी यांच्या वडिलांनी घडवला. नळी बसवून त्यांनी मला तेल चोळले आणि चांगुणाबाईंच्या सासऱ्यांच्या हाती दिले. पिकाच्या राखणीसाठी त्यांनी रीतसर परवाना काढला होता. माझे काम डुकरांना मारण्याचे कमी आणि भेडसावण्याचे जास्त. माझा एक आवाज झाला की अख्खा कळप नाल्यापार होई. निवडणूक आली की मला याच ठाण्यात जमा करत आणि निकाल लागला की घरी नेत. तेव्हा ही खोली मला माहेरासारखी वाटे. आता तसे वाटत नाही.

सासरे गेले, मग नवरा तापाने गेला. परवाना चांगुणाबाईंच्या नावावर झाला. गावात हसू झाले. बाईच्या हातात बंदूक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे भाऊबंद म्हणत. सात एकर रान एकट्या बाईकडे राहिलेले त्यांच्या डोळ्यांत सलत होते. बाईंनी कोणाशी भांडण केले नाही. बांधावर कोणी उभा दिसला की मला खांद्यावर टाकून त्या म्हणत, "मी कोणाले भेत नाही." बारा वर्षे त्यांनी हे एकच वाक्य जपले. पण रात्री आतून दोन कड्या लावून, मला उशाशी घेऊन त्या निजत, हे मला माहीत होते. हे मी कोणाला सांगितले नाही.

त्या वर्षांत रानाचा रंगच पालटला. बीटीचे बियाणे आले आणि दोन-तीन हंगामांत ज्वारी हद्दपार झाली. जिकडे पाहावे तिकडे कपाशी. मग एका साली कापसाला असा भाव चढला की वेचलेला कापूस रानातून चोरीला जाऊ लागला. लोक खोपीत कापसावर निजू लागले.

तो डोणगावच्या बाजाराचा दिवस होता. वेचणीच्या बाया बाजाराला गेल्या होत्या. कापूस न्यायची गाडी संध्याकाळी यायची होती, म्हणून बाई खोपीत कापूस राखत बसल्या होत्या. तुरीत डुकरे येत, म्हणून मला सकाळीच भरून आणले होते. दारू पेटवणारी तांब्याची टोपी मात्र बाईंच्या पदराच्या गाठीत होती. टोपी बसवल्याशिवाय मी उडत नाही, हे लक्षात ठेवा.

दुपारी सहदेव आला. शेजारच्या गावचा, आदल्या वर्षी बाईंकडेच वेचणीला होता. हातात कुऱ्हाड होती. तो पोते भरू लागला. बाईंनी हटकले तसा तो धावून आला. पहिला घाव बाईंनी माझ्यावर झेलला. माझ्या दस्त्याची ढलपी उडाली आणि कुऱ्हाडीचे टोक त्यांच्या मनगटाला लागले. मागे खोपीची भिंत होती. पुढे तो, दारही त्याच्याच मागे. त्याने कुऱ्हाड पुन्हा उचलली तेवढ्यात बाईंनी गाठ सोडली, टोपी बसवली आणि चाप ओढला.

छर्रे मांडीत शिरले. तो कोसळला. मित्रांनो, बाई पळाल्या नाहीत. लुगड्याचा पदर फाडून त्यांनी त्याची मांडी बांधली आणि कडूबाला हाका मारल्या. शेजारच्या रानातून कडूबा धावत आला. त्याने बैलगाडी जुंपून सहदेवला दवाखान्याकडे नेले. बाईंना आणि मला पोलिसांनी ठाण्यात आणले.

मला टेबलावर ठेवले. बाई समोर बाकावर बसल्या. शेजारी एक महिला शिपाई होती. माझ्यात दारू उरली आहे का, हे पाहायला जमादाराने अब्दुल गनींना बोलावले. त्यांनी मला उचलले आणि त्यांचा अंगठा त्या घावावर थांबला. हा घाव ताजा आहे, पंचनाम्यात लिहा, असे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर जमादाराने लिहिले. मग हात पुसत ते बाईंना म्हणाले, "बहन, मलिहा मेहकरहून निघाली. नाव सांग, हाताचा घाव दाखव, कुऱ्हाड कुठं पडली ते सांग. बाकी ती आल्यावर." मलिहा त्यांची लेक, कोर्टात वकिली करते. लहानपणी माझ्या नळीत फुंकर मारून शिट्टी वाजवायची.

बाईंनी तसेच केले. नाव सांगितले, मनगट दाखवले, कुऱ्हाडीची जागा सांगितली. मग खाली मान घातली.

जमादार वाईट माणूस नव्हता. दरडावणारा असता तर बरे झाले असते, बाई चवताळून गप्प बसल्या असत्या. त्याने चहा मागवला, स्वतःच्या हाताने पुढे केला. आपणही कास्तकाराचेच पोर आहोत, आपल्याही आईने एकटीने रान राखले, असे सांगितले. आता आमच्या भागात ज्याचा चहा घ्यायचा त्याच्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत, हे कोणाच्या मनालाही शिवत नाही. बाईंनी कपाला हात लावला आणि मला वाटले, आता त्या बोलणार.

मग तो हळूच म्हणाला, "काकू, गावात तर सांगतात, तुम्ही कोणाले भेत नाही. मग त्या सहदेवले काय भ्याल? कापूस नेताना पाहून राग आला असंल."

ते त्याने मनापासून विचारले की खुबीने, मला आजवर कळले नाही. पण बाईंची मान ताठ झाली. बारा वर्षांचे ते वाक्य त्यांच्या ओठांवर आले, मी डोळ्यांनी पाहिले. ते बाहेर पडले असते तर काय झाले असते? भीती नव्हती, राग होता. म्हणजे जीव वाचवायला नव्हे, कापसापायी माणसावर बंदूक चालवली. ज्या वाक्याने बाईंचे रान राखले, तेच त्यांना तुरुंगात घालणार होते. मी टेबलावर पडून होते. माझ्या नळीचे तोंड भिंतीकडे होते. बाई, गप्प राहा, एवढे तीन शब्द मला बोलता येईनात. मित्रांनो, इतकी लाचार मी कधीच झाले नव्हते.

बाईंनी चहा संपवला. कप बाकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "चहाचे उपकार हायेत, दादा. पन बोलणं माही वकीलबाई आल्यावर."

जमादाराचा चेहरा उतरला. ज्याचे मन साफ त्याला वकील कशाला, असे तो पुटपुटला. बाईंना ते लागले. मेहकरची बस वाटेत बंद पडली होती. साडेचार वाजले, पाच वाजले. आणि मग फोन आला. सहदेव दवाखान्यात पोचण्याआधीच गेला होता.

बाई ओरडल्या नाहीत. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून त्या पुढे-मागे हलत राहिल्या. मारायचे नव्हते हो, असे त्यांना भिंतींना तरी सांगायचे होते. जमादारानेही नेमके तेव्हाच म्हटले, "सांगून टाका काकू, हलकं वाटंल." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांची कित्येक रडणी ऐकली होती. पण त्या दिवशी माझ्याशीही बोलू नका, अशी माझी इच्छा होती. त्या बोलल्या नाहीत.

अंधारायच्या आत मलिहा आली. आधी तिने बाईंच्या मनगटाला पट्टी करायला लावली. खरे लपवायचे नाही, पण ते नीट, सगळे, आपण दोघी बसल्यावर सांगायचे, असे तिने बाईंना समजावले. ती त्यांना मावशी म्हणते. त्यानंतर बाईंना मी चार वर्षे पाहिले नाही. त्या काही महिने तुरुंगात होत्या, मग जामिनावर सुटल्या, एवढे इथल्या शिपायांच्या बोलण्यातून कळले. मी मात्र सुटले नाही. पावसाळ्यात भिंत पाझरे आणि माझ्या नळीत गंज धरत जाई.

कोर्टात मला पुन्हा टेबलावर मांडले. न्यायाधीशांनी माझा दस्ता निरखून पाहिला. मग बाई उभ्या राहिल्या. समोर गावातले दहा-बारा जण, भाऊबंदही, कान टवकारून बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "मले भेव लागला होता, साहेब. लय भेव लागला होता." माझ्या मते त्यांनी आयुष्यात इतके अवघड काही केले नसेल. भाऊबंदांतला एकजण हसलादेखील.

जीव वाचवायलाच चाप ओढला, असे कोर्टाने मानले आणि बाई निर्दोष सुटल्या. बंदूक परवानाधारकाला परत द्यावी, असाही हुकूम झाला. मी आनंदले. पण बाईंनी माझ्याकडे नजरही टाकली नाही. त्या सरळ मागच्या बाकाकडे गेल्या. तिथे सहदेवची बायको रुक्मिणीबाई बसली होती. मलिहाने अडवायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. चार वर्षे ज्या बाईंना कोणाशी बोलू दिले नाही, त्या आता मोकळ्या होत्या. पण त्या तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी रुक्मिणीबाईनेच विचारले, "त्यानं पाणी मांगतलं होतं का?"

"मांगतलं," बाई म्हणाल्या. "पाजलं म्या."

रुक्मिणीबाई बाकावर थोडी सरकली. चांगुणाबाई तिच्या शेजारी बसल्या.

मला घ्यायला बाई आल्या नाहीत. त्यांनी येऊही नये. मित्रांनो, माझ्या भाऊबंद वस्तू तुमच्याकडे तेल मागतात, फडके मागतात, थोडी माया मागतात. मला काही नको. मला इथेच गंजू द्या. पण तुमच्या घरचे कोणी कधी त्या बाकावर बसले, तर त्याला एकटे बोलू देऊ नका. त्याचा वकील येईपर्यंत त्याच्या शेजारी बसा.