दादाने वाचून दाखवलेलं पत्र

मी एका मोठ्या माणसाचं पत्र बोलतोय. नावाजलेले इंजिनिअर होते ते; नदीवर पूल बांधायचे. कामावरच्या तंबूत बसून त्यांनी मला थोरल्या मुलाच्या नावाने लिहिलं. पहाटे उठ, वाचत राहा, दिलेला शब्द मोडू नकोस, असा उपदेश माझ्यात ठासून भरला आहे.

धाकट्याचं नाव माझ्यात नाही. सातवीत शाळा सोडून त्याने गॅरेजात पाना हाती धरला, तेव्हापासून बाबांनी त्याचं नावच टाकलं होतं.

बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते फक्त दादाला लागायचं. जिन्याच्या पायरीवर बसून दादा मला धाकट्याला वाचून दाखवायचा. उपदेश संपला की कागदावरची नजर न हलवता म्हणायचा, "'धाकट्याच्या हातात कसब आहे. त्याला सांग, मला त्याचा अभिमान वाटतो.'"

"खरंच लिहिलंय?"

"मग काय, मी पदरचं घालतोय?"

मी गप्प.

पुढे बाबा गेले. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दादाही गेला. तेराच दिवस आजारी होता. त्यानंतर बाबांच्या पत्रांचं पुस्तक काढायला एक संपादकबाई आल्या. धाकट्याने सगळा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि वरून मला काढलं. "आधी हे वाचा."

बाईंनी भिंग लावून, अडखळत मला वाचलं.

"ते कसबाचं राहिलं."

"कसलं कसबाचं?" त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "तुमचा उल्लेखच नाही हो यात."

"नीट बघा ना!"

"नीटच बघितलं."

धाकट्याने मला हिसकावलं. माझा एक कोपरा बाईंच्या चिमटीतच राहिला.

"लबाड! मेला तरी पत्ता लागू दिला नाही!"

"वडिलांबद्दल असं बोलू नये."

"वडिलांना कोण बोलतंय? दादाला बोलतोय मी!" आणि तो फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडला.

बाकीची पत्रं पुस्तकात गेली. मला त्याने दिलं नाही. आता मी गॅरेजात, पान्यांच्या खणात असतो. ग्रीसने माझी शाई पसरत चालली आहे. शेजारी बोलायला दुसरा कागद नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले की तो मला उघडतो. दादासारखा घसा खाकरतो. पुढे शब्द फुटत नाही.

मला पुस्तकात जागा नको. एकदाच वाचा फुटू दे. मी त्याच्याशी धडधडीत खोटं बोलेन.